एक पानिपत, अनेक शोक

पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ या दिवशी पानिपतच्या रणांगणावर मराठ्यांचा जो पराभव झाला त्याची कारणमीमांसा मराठीत विपुल झाली आहे. मात्र त्या पराभवाचा शोक महाराष्ट्राने कसा केला, कोणी तो उघड केला, कोणी मनात दाबला, कोणी तो करायचेच नाकारले आणि पुढच्या पिढ्यांनी त्याला कोणते वळण दिले, या प्रश्नांकडे त्या मानाने फार थोडे लक्ष गेले आहे. राष्ट्रावर कोसळलेल्या संकटाचे स्मरण करताना समाज सहसा प्रत्येकाकडून एकाच भावनेची अपेक्षा धरतो; कधी ती शरमेची असते, कधी संतापाची, कधी अभिमानाची, आणि ज्याच्या मनात त्या घडीला दुसरेच काही असते त्याला आपल्या भावनेची लाज वाटू लागते. पानिपतच्या अडीचशेहून अधिक वर्षांच्या स्मृतीचा मागोवा घेतला असता असे दिसते, की ज्यांच्या घरातली माणसे त्या रणात गेली त्यांचा शोक एकसारखा कधीच नव्हता, आणि तत्कालीन समाजाने त्या वेगळेपणाला पुष्कळ प्रमाणात जागाही दिली होती. एकच एक भावना ठरवून देण्याचा आग्रह बळावला तो नंतरच्या काळात.

या शोकाची व्याप्ती समजून घ्यायची तर मोहिमेचे स्वरूप थोडक्यात ध्यानात घ्यावे लागते. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर मराठा सरदार दत्ताजी शिंदे मारले गेले आणि अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीला परतवून लावण्यासाठी पेशव्यांचे चुलतभाऊ सदाशिवराव भाऊ मार्च महिन्यात मोठी फौज घेऊन दक्षिणेतून निघाले. सोबत नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव होता. ऑगस्टच्या सुरुवातीस दिल्ली आणि ऑक्टोबरात कुंजपुरा हस्तगत झाला, परंतु त्यानंतर पानिपतास दोन्ही सैन्ये दोन महिन्यांहून अधिक काळ समोरासमोर तळ देऊन राहिली आणि रसद तोडली गेल्यामुळे मराठ्यांच्या छावणीत उपासमार सुरू झाली. या छावणीत लढणाऱ्यांच्या जोडीला बुणग्यांचा, म्हणजे न लढणाऱ्या लोकांचा, प्रचंड समुदाय होता. त्यात सरदारांची कुटुंबे, कारकून, भटजी, पाणके, व्यापारी, नोकरचाकर होते आणि फौजेच्या आश्रयाने उत्तरेतली तीर्थे घडावीत म्हणून आलेले यात्रेकरूही होते. लढाईत, पाठलागात आणि दुसऱ्या दिवशी झालेल्या कैद्यांच्या कत्तलीत नेमकी किती माणसे गेली याबद्दल इतिहासकारांचे एकमत नाही. ती कित्येक दशसहस्र होती एवढे निर्विवाद आहे. रणात पडलेल्या सैनिकाच्या घरी त्याच्या शौर्याची गोष्ट तरी सांगता येत होती, पण गंगायमुनांचे स्नान घडावे म्हणून गेलेल्या म्हातारीच्या घरी सांगण्यासारखे काहीच उरले नव्हते. पानिपतच्या शोकाचे दोन प्रवाह इथूनच वेगळे होतात.

ही बातमी दक्षिणेकडे आली तीच मुळी झाकलेल्या शब्दांत. नानासाहेब मदतीची फौज घेऊन उत्तरेकडे निघाले असता माळव्यात भेलशाच्या सुमारास त्यांच्या हाती एका सावकारी जासुदाकडचे पत्र पडले, अशी हकीकत सर्वत्र दिली जाते. हुंडीचा व्यवहार सांगावा तशा भाषेत त्या पत्रात दोन मोती नाहीसे झाल्याचे, सत्तावीस मोहरा गमावल्याचे आणि रुपये व खुर्दा किती गेला याचा हिशेब लागत नसल्याचे कळवले होते. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि रुपये व खुर्दा म्हणजे बाकीची सारी माणसे, हा त्याचा अर्थ पेशव्यांना तत्काळ उमगला. सावकाराने ही भाषा सावधगिरीपोटी वापरली असली, तरी स्मृतीची प्रतवारी तिच्यातच लागून गेली आहे. मोत्यांवर बखरी आणि पोवाडे झाले, मोहरांची नावे इतिहासग्रंथांच्या सूचींत आली, आणि खुर्द्याची आठवण ज्याच्या त्याच्या घरापुरती राहिली.

परत आलेल्यांच्या आठवणीही एका साच्यातल्या नव्हत्या. भरतपूरचा राजा सूरजमल जाट याने पळून आलेल्या मराठ्यांना आपल्या मुलखात आसरा, अन्नवस्त्र आणि औषधपाणी दिले. बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा समशेरबहादूर जखमी अवस्थेत तिकडेच वारला आणि तिकडेच त्याचे दफन झाले. महादजी शिंद्यांच्या पायावर असा घाव बसला की ते जन्माचे लंगडे झाले. राणेखान नावाच्या भिस्त्याने, म्हणजे पखालीतून पाणी वाहणाऱ्याने, त्यांना आपल्या बैलावर घालून वाचवले, आणि महादजींनी पुढे त्याला भाऊ मानून मोठ्या योग्यतेला चढवले. अफगाणांचा आणि रोहिल्यांचा द्वेष मराठी मनात धगधगत असताना, त्याच पानिपतची महादजींची सर्वांत जवळची आठवण एका मुसलमान पाणक्याच्या उपकाराची असावी आणि त्यांनी ती लपवू नये, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याच्या वाट्याला जे आले त्यावरच त्याची भावना घडते, आणि इतरांचा राग कितीही रास्त असला तरी तो आपल्या कृतज्ञतेच्या आड येऊ द्यावा असे बंधन त्याच्यावर राहत नाही.

परतलेल्यांत नाना फडणीसही होते. तेव्हा त्यांचे वय विशीच्या आतले होते. आई आणि पत्नी यांना घेऊन, तीर्थयात्रेचाही हेतू धरून, ते या मोहिमेबरोबर गेले होते. पत्नीची पुढे भेट झाली, परंतु आई परत आली नाही. नानांनी लिहिलेले लहानसे आत्मचरित्र पानिपतहून परत येण्याच्या सुमारापर्यंतची हकीकत सांगते, आणि मराठीतील या प्रकारच्या लेखनात त्याचे स्थान फार वरचे आहे, कारण त्यात पराक्रमाचा आव नाही. रण मोडल्यावर आपण जीव घेऊन कसे निघालो, ओळख पटू नये म्हणून अंगावरचे कपडे टाकून लंगोटीवर पायी कसे चाललो, उपाशीपोटी आडरानांतून वाट कशी काढली आणि आईच्या वियोगाने मनाची काय गत झाली, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. पुढे ज्या पुरुषाच्या मुत्सद्देगिरीचा धाक हिंदुस्थानभर बसला, त्याने आपल्या पळून येण्याची आणि भीतीची नोंद स्वतःच्या हाताने करून ठेवावी, यातला प्रामाणिकपणा असामान्य आहे. वाचलेल्या माणसाला आपण वाचलो याचीच टोचणी लागते, हे पुढच्या काळातील अनेक आपत्तींच्या अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. नानांनी ती टोचणी शब्दांत मांडली, म्हणून पानिपतच्या साधनांत वाचलेल्याच्या मनाचाही पुरावा उपलब्ध आहे.

जे परतलेच नाहीत त्यांच्या घरच्यांपुढचा प्रश्न याहून बिकट होता. अशौच, म्हणजे सुतक, धरायचे ते मृत्यूची खात्रीची वार्ता आल्यावर. वार्ताच अनिश्चित असेल तर सुतक कधीपासून धरायचे, दहावे-तेरावे कधी करायचे आणि पत्नीच्या कपाळावरचे कुंकू ठेवायचे की पुसायचे, याचा निर्णय घराघरांत करावा लागला. धर्मशास्त्राने अशा प्रसंगांचा विचार फार पूर्वीपासून केलेला होता. देह हाती लागला नाही तर पालाशविधी करावा, म्हणजे पळसाच्या पानांची किंवा दर्भाची माणसाएवढी प्रतिमा करून तिला अग्नी द्यावा, आणि देशांतरी गेलेल्याचा काहीच ठावठिकाणा लागला नाही तर बारा वर्षे वाट पाहून मग तो विधी करावा, अशी व्यवस्था निबंधग्रंथांत, म्हणजे धर्मशास्त्रातील वचनांचा संग्रह करून निर्णय देणाऱ्या ग्रंथांत, सांगितलेली आहे. शस्त्राने मरण आलेल्यांचे श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला करावे आणि ज्यांच्या मृत्यूची तिथी कळलेली नाही त्यांचे अमावास्येला करावे, असाही संकेत रूढ आहे आणि पंचांगे तो आजही छापतात. या व्यवस्थेचे मर्म असे, की तिने शोक करणाऱ्याला घाई केली नाही. आशा सोडण्याची मुदत तिने वर्षांत मोजली, आणि ती मुदत संपेपर्यंत वाट पाहणाऱ्याला वेड्यात काढण्याचा अधिकार कोणालाच दिला नाही. विसाव्या शतकातील महायुद्धांनंतर बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांपुढे जी कोंडी उभी राहिली तीच इथेही होती. फरक इतकाच, की इथल्या रूढीने त्या कोंडीतून जाण्याची संथ वाट आधीपासून आखून ठेवली होती.

या वाट पाहण्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई. त्या स्वतः मोहिमेवर होत्या. रण मोडल्यावर विश्वासू माणसांनी त्यांना त्या धुमाळीतून बाहेर काढले आणि त्या अखेर दक्षिणेत सुखरूप पोहोचल्या. विश्वासरावाचा देह अब्दालीच्या छावणीत नेण्यात आला होता आणि अब्दालीच्या बाजूच्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या मध्यस्थीने त्याला अग्निसंस्कार मिळाला, याबद्दल फारशी शंका उरली नव्हती. भाऊसाहेबांची गोष्ट मात्र निराळी होती. शुजाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने या लढाईची डोळ्यांदेखतची हकीकत फारसीत लिहून ठेवली आहे. तिच्यात सांगितल्याप्रमाणे शोधाअंती सापडलेल्या धडाला शिर नव्हते, आणि अंगावरच्या जुन्या जखमेच्या व्रणावरून आणि इतर खुणांवरून ते धड भाऊसाहेबांचे असल्याचे ठरवण्यात आले. शिर नंतर मिळाल्याचे आणि त्यालाही अग्नी दिल्याचे तो सांगतो. दरबारी आणि लष्करी दृष्टीने हा पुरावा पुरेसा होता, परंतु रणातून दूर नेलेल्या पत्नीसाठी, जिने ना देह पाहिला ना चिता, खुणांवरून काढलेला हा निष्कर्ष म्हणजे परक्यांनी सांगितलेली एक गोष्ट होती.

पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू मान्य केला नाही आणि वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. त्या काळच्या ब्राह्मण समाजात विधवेवरची बंधने किती कडक होती हे लक्षात घेतले म्हणजे या निश्चयाचे वजन कळते. केशवपन, आहारविहाराची बंधने आणि मंगलकार्यांतून होणारा बहिष्कार या साऱ्या गोष्टी एरवी मागण्याचा किंवा नाकारण्याचा प्रश्नच येत नसे. तरीही पेशव्यांच्या घराण्याने पार्वतीबाईंवर वैधव्य लादले नाही. हे घराणे धर्माचाराच्या बाबतीत जागरूक होते, पुण्याच्या शास्त्रीमंडळींचा त्याला मोठा आधार होता आणि त्याच्या प्रत्येक वागण्याकडे सगळ्या राज्याचे डोळे लागलेले असत. अशा घराने एका स्त्रीच्या मनाची बूज राखली, ही गोष्ट पानिपतच्या इतिहासात एखाद्या लढाईइतकीच नोंद घेण्याजोगी आहे. पार्वतीबाईंचा विश्वास वस्तुस्थितीला धरून होता की नाही, हा प्रश्न इतिहासकाराने विचारावा आणि त्याचे उत्तर काशीराजाच्या साक्षीवरून द्यावे. परंतु त्यांना तसा विश्वास बाळगण्याचा हक्क होता की नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर त्यांच्या घराने होकारार्थी दिले होते.

या आशेचा गैरफायदा घेणारेही निघाले, हे मान्य केल्याखेरीज ही हकीकत पूर्ण होत नाही. सुखलाल किंवा सुखनिधान या नावाने ओळखला जाणारा एक कनोजी ब्राह्मण आपणच सदाशिवराव भाऊ असल्याचे सांगत पुढे आला. पुढचे पेशवे थोरले माधवराव यांच्या कारकिर्दीत त्याला पकडून त्याची चौकशी झाली आणि तो तोतया ठरून निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेत राहिला. १७७६ साली, पेशवे नारायणरावांच्या खुनानंतर पुण्याचा कारभार डळमळीत झालेला असताना, रत्नागिरीस त्याच्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यानेच त्याला मोकळे केले आणि पाहता पाहता कोकणातील अनेक ठाणी त्याच्या ताब्यात गेली. हजारो माणसे त्याच्या झेंड्याखाली जमली. अखेर महादजी शिंदे प्रभृतींनी त्याच्या फौजेचा मोड केला, समुद्रमार्गे निसटण्याच्या प्रयत्नात तो आंग्र्यांच्या हाती सापडला आणि पुण्यात पुन्हा चौकशी होऊन त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला देहान्ताची शिक्षा देण्यात आली. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे हा प्रसंग मराठी वाचकांना परिचित आहे. राजकारणाच्या अंगाने पाहिले तर हे असंतुष्टांचे बंड होते, पण त्यात सामील झालेल्या सामान्य माणसांचा विचार केला तर पंधरा वर्षांनंतरही भाऊसाहेब परत यावेत ही इच्छा किती जिवंत होती हे त्यातून उघड होते. पार्वतीबाईंनी आपली आशा स्वतःपुरती ठेवली, तिच्यासाठी कोणाच्याही जिवाचे मोल मागितले नाही. तोतयाने आणि त्याच्या पाठीराख्यांनी लोकांच्या आशेचे भांडवल केले. मनातली भावना आणि तिचा सार्वजनिक वापर यांतील भेद इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी घटना मराठ्यांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

विश्वासरावाच्या आईवडिलांचा शोक याहून वेगळ्या दोन रूपांत दिसतो. नानासाहेब त्या धक्क्यातून सावरले नाहीत. पुण्याकडे परतताना त्यांची प्रकृती आणि चित्त दोन्ही ढासळत गेली, आणि २३ जून १७६१ रोजी, लढाईला सहा महिनेही पूर्ण झाले नसताना, पर्वतीवर त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी नुकतीच ओलांडली होती. राज्यकर्त्याने असे खचू नये, असा दोष पुढे अनेकांनी त्यांना दिला, परंतु थोरला मुलगा आणि सख्ख्यासारखा चुलतभाऊ एकाच दिवशी गमावलेल्या माणसाला कर्तव्याच्या मापाने मोजणे, हे त्या मापाचेच अपुरेपण दाखवते. गोपिकाबाईंनी मात्र दीर्घ आयुष्य काढले. पुढे माधवराव आणि नारायणराव हे मुलगेही त्यांच्या हयातीतच गेले, आणि नाशिकजवळ गोदातीरी व्रतस्थ राहून १७८८ साली त्यांनी देह ठेवला. रघुनाथ यादव याची पानिपतची बखर गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेली, अशी परंपरा आहे. बखर म्हणजे गद्यात लिहिलेले, कथनाचा ओघ असलेले जुन्या धाटणीचे इतिहासकथन. आणि ही बखर रामायण-महाभारतातील युद्धांच्या उपमा देत पानिपतचा प्रसंग उभा करते. मुलगा कसा पडला हे तपशिलाने ऐकण्याची इच्छा एका आईला व्हावी, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु शोकाची एक जात अशी असते की तिला सर्व काही जाणून घ्यावेसे वाटते, आणि दुसरी जात अशी असते की तिला ऐकणेही सोसत नाही. एकाच वाड्यात पार्वतीबाईंचा नकार आणि गोपिकाबाईंची विचारणा या दोन्ही नांदल्या.

राज्याला मात्र शोकासाठी उसंत नव्हती. सोळा वर्षांच्या माधवरावांच्या हाती कारभार आला आणि त्याच वर्षी निजाम पुण्याच्या रोखाने चालून आला. रणात पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी बालपरवेशीची, म्हणजे मृताच्या मुलाबाळांच्या निर्वाहासाठी जमीन, गाव किंवा रोख नेमून देण्याची पद्धत पेशवाईत होती, आणि दप्तरातील अशा नोंदी वाचताना असे जाणवते, की सरकारी कागदावर शोक केवळ नाव, गाव आणि रक्कम एवढ्या तीन गोष्टींत मावतो. ही कोरडी नोंदही कमी मोलाची नव्हती, कारण पोवाड्यात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्यापैकी काहींची नावे तिच्यामुळेच टिकली. दशकभरात मराठी फौजा पुन्हा उत्तरेत उतरल्या, दिल्लीच्या तख्तावर बादशहा शाहआलमची पुनःस्थापना झाली, आणि १७७२ साली अब्दालीला साथ दिलेल्या रोहिला सरदार नजीबखानाच्या पत्थरगडाचा पाडाव झाला तेव्हा संतापाच्या भरात त्याच्या कबरीचीही नासधूस झाली. त्या संतापामागचे दुःख खरे होते, पण ते खरे होते म्हणून मेलेल्याच्या कबरीवर हात टाकणे योग्य ठरत नाही. आपल्या भावनेचा आदर राखणे आणि तिच्या हाती शस्त्र देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रसंगातून शिकण्यासारखे आहे.

लेखी स्मरणाची परंपरा सुरुवातीपासूनच दोषाच्या शोधाकडे झुकली. भाऊसाहेबांची बखर ही पानिपतवरची सर्वांत प्रसिद्ध बखर आहे. दत्ताजी आणि जनकोजी शिंदे यांच्याबद्दलची आत्मीयता आणि मल्हारराव होळकरांवरचा रोष तिच्या पानापानांतून जाणवतो. नजीबखानाला वाचवल्याचा आणि रणांगण लवकर सोडल्याचा ठपका होळकरांवर कायमचा बसला तो मुख्यतः अशा कथनांमुळे. पुढे १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पानिपतपूर्व काळातील अस्सल पत्रे वाचकांपुढे आली; त्या खंडाच्या विस्तृत प्रस्तावनेत राजवाड्यांनी अपयशाच्या कारणांची आणि जबाबदारीची कठोर छाननी केली. परक्या सत्तेखाली दबलेल्या त्या पिढीला, आपण कुठे चुकलो, हा प्रश्न छळत होता आणि पानिपत हे त्या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण होते. त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतचे रणक्षेत्र प्रत्यक्ष पाहून, साधने नव्याने तपासून १९४६ साली इंग्रजीत आणि द्विशताब्दीच्या निमित्ताने १९६१ साली मराठीत आपला ग्रंथ सिद्ध केला, आणि परचक्राविरुद्ध मराठ्यांनी उत्तरेत जाऊन केलेल्या झुंजीचा अर्थ अखिल हिंदुस्थानच्या संदर्भात लावला. १९८८ साली आलेल्या विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ या कादंबरीने हा विषय घराघरांत नेला. अशा रीतीने पानिपतच्या स्मरणाचा सूर दोषारोपाकडून शरमेकडे आणि शरमेकडून अभिमानाकडे सरकला.

यांतील प्रत्येक सुराला त्या त्या काळाची गरज होती आणि त्यामागचे संशोधन आदरास पात्र आहे. अडचण तेव्हा उद्भवते, जेव्हा एखादा सूर बाकीच्यांना गप्प करतो. शरमेच्या काळात, आपला पूर्वज शौर्याने लढला, असे म्हणणारा वंशज भाबडा ठरला. अभिमानाच्या काळात, इतकी माणसे का मेली, असे विचारणारा नतद्रष्ट ठरू लागला. होळकरांच्या मुलखातील माणसाने पिढ्यान्‌पिढ्या न केलेल्या गुन्ह्याचे ओझे वाहिले. इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने शर्थीने लढला आणि पकडला जाऊन मारला गेला, परंतु त्याच्या पलटणींतील माणसांचा शोक कोणी केला, हे विचारण्याची गरज फार उशिरापर्यंत कोणाला भासली नाही. हरियाणातील रोड समाजातील अनेक जण आपली परंपरा पानिपतच्या मराठ्यांशी जोडतात. त्यांच्या दृष्टीने तर पानिपत ही गमावण्याची जागा नसून आपल्या मुळाची जागा आहे.

स्मरणाच्या दिवसाबद्दलही असेच घडले आहे. संक्रांत आणि पानिपत यांची सांगड मराठी मनात इतकी पक्की बसली आहे की ती लढाई संक्रांतीच्या दिवशीच झाली असे सर्रास मानले जाते. वस्तुतः संक्रांतीची इंग्रजी तारीख शतकागणिक थोडी थोडी पुढे सरकते. १८६३ साली ती १२ जानेवारीला होती, आणि १७६१ साली ती १४ जानेवारीच्या काही दिवस आधीच होऊन गेली होती. ज्या घरांनी आपल्या माणसाची तिथी पाळली ती पौष शुद्ध अष्टमी होती आणि ती दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. आज पानिपतजवळच्या काला आंब स्मारकावर १४ जानेवारीस महाराष्ट्रातून आणि हरियाणातून माणसे जमतात, जयघोष होतात, भाषणे होतात. त्या जयघोषात ज्याचा आवाज मिसळतो त्याची भावना खरी आहे; त्याच वेळी बाजूला उभे राहून ज्याला केवळ उदास वाटते, किंवा ज्याला अडीचशे वर्षांपूर्वीच्या मृतांबद्दल काहीच दाटून येत नाही आणि तरी समजून घ्यावेसे वाटते, त्याचीही भावना तितकीच खरी आहे.

पानिपतच्या या दुसऱ्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. वस्तुस्थितीच्या बाबतीत मतभेदाला मर्यादा असते: किती फौज होती, रसद कुठे तुटली, कोण केव्हा पडला, हे साधनांनी ठरते आणि तिथे भावनेला मत देण्याचा अधिकार नाही. पण घटना मान्य केल्यावर तिच्याबद्दल काय वाटावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही दरबाराला, पक्षाला किंवा इतिहासकाराला नाही. नानासाहेब खचले, नाना फडणीसांनी आपली भीती लिहून ठेवली, गोपिकाबाईंनी सारे ऐकून घेतले, पार्वतीबाईंनी मानायचे नाकारले, महादजींनी एका भिस्त्याला भाऊ केले. यांतील कोणाचीही भावना दुसऱ्याच्या मापाने तोलता येत नाही आणि यांतील एकही वगळली तर पानिपत अपुरे राहते. विश्वास पानिपतातच गेला, असे मराठी माणूस आजही सहज बोलून जातो, पण विश्वासराव ज्यांचा होता त्यांचे दुःख त्या बोलण्यात उरलेले नसते. म्हणून राष्ट्रीय आपत्तीचे स्मरण करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या मनात जे खरोखर उमटते ते ओळखावे, ते सर्वांच्या सुरात बसत नसेल तरी नाकारू नये, आणि शेजारच्याच्या मनात दुसरे काही उमटत असेल तर त्यालाही तेवढीच मोकळीक द्यावी. बारा वर्षे वाट पाहण्याची मुभा देणाऱ्या समाजाच्या वारसांना ही मोकळीक नवी नाही. ती त्यांच्याच परंपरेतली आहे आणि तिचा त्यांनी पुन्हा अंगीकार करायला हवा.